वाइड लेन्स किती शार्प हवी? वावरात, तलावाच्या पाळीवर आणि मंदिरात फोटो काढणाऱ्या नवशिक्यांसाठी

तूर फुलावर आलेली, मागे टेकडी, वर पांढरे ढग. कॅमेऱ्यासोबत आलेली किट लेन्स सगळ्यात वाइड, म्हणजे १८ एमएमवर ठेवून फोटो काढला. घरी कॉम्प्युटरवर १०० टक्के मोठा करून पाहिला, तर टेकडीवरची झाडं लगद्यासारखी दिसली. इथे बहुतेक नवशिके ठरवून टाकतात की लेन्स बाद आहे, महागडी घ्यावी लागेल.

घाई करू नका, आधी हिशेब मांडा. टेकडी १०० मीटर उंच आणि ३ किलोमीटर अंतरावर असेल, तर १८ एमएम लेन्समधून तिची सेन्सरवरची उंची भरते ०.६ मिलिमीटर. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान सेन्सरच्या) कॅमेऱ्यात एक पिक्सेल साधारण ०.००३९ मिमीचा असतो. म्हणजे ४००० पिक्सेल उंचीच्या फोटोत अख्ख्या टेकडीला मिळाले जेमतेम १५० पिक्सेल, आणि तिच्यावरच्या दहा मीटरच्या सागाला पंधरा. पंधरा पिक्सेलमध्ये पानं कशी मावणार? दुप्पट किमतीच्या लेन्सनेही ती मावत नाहीत. वाइड लेन्स लांबचं सगळं बारीक करते आणि पायाजवळचं मोठं करते. म्हणून शार्पनेसचा विचार पायाजवळून सुरू करायचा.

(या लेखातले सगळे आकडे २४ मेगापिक्सेल, १.५ क्रॉपच्या कॅमेऱ्यासाठी आहेत. कॅननचा क्रॉप १.६ आहे. त्याने फार फरक पडत नाही.)

फोटो कुठे दिसणार आहे?

मोबाइलवर पाहायचा फोटो दोन मेगापिक्सेलचा असला तरी चालतो. लग्नाच्या अल्बमचं १२ × १८ इंची पान ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) छापायला ५४०० × ३६०० पिक्सेल लागतात. कॅमेरा ६००० × ४००० देतो, म्हणजे तिथेही भागतं. फ्लेक्सची भीती तर विनाकारण आहे. चौकात लावलेला सहा फूट रुंद फ्लेक्स लोक तीन मीटरवरून बघतात. तेवढ्या अंतरावरून माणसाच्या डोळ्याला साधारण ०.९ मिमीपेक्षा बारीक तपशील वेगळा ओळखता येत नाही. अशा फ्लेक्सला रुंदीत २१०० पिक्सेल पुरे होतात. १०० टक्के मोठा करून पाहणं लेन्स तपासायला ठीक आहे, फोटो चांगला की वाईट ते त्यावरून ठरवू नका.

फोकस कुठे धरायचा?

वाइड फोटो सॉफ्ट येण्यामागे सर्वांत जास्त वेळा चुकलेला फोकस असतो. आणि तो सुधारायला पैसे लागत नाहीत.

पहिली स्थिती उभं राहून. कॅमेरा डोळ्याजवळ, जमिनीपासून दीड मीटरवर, आडवा आणि सरळ क्षितिजाकडे धरलेला. १८ एमएमवर फ्रेमच्या खालच्या कडेला येणारी जमीन तुमच्यापासून जवळजवळ साडेतीन मीटर दूर असते. एफ/८ (लेन्सच्या छिद्राचं, म्हणजे अपर्चरचं माप; आकडा मोठा तितकं छिद्र लहान) ठेवून फोकस लांबच्या पळसावर धरला, तर दोन मीटरपासून पुढचं सगळं चालण्याइतकं शार्प येतं. म्हणजे फ्रेममध्ये जे काही आहे ते सगळंच आलं. उभ्याने काढताना कुठलंही गणित करायची गरज नाही, लांबवर फोकस धरा आणि काढा.

दुसरी स्थिती धुऱ्यावर उकिडवं बसून, आणि खरी गडबड इथे होते. कॅमेरा जमिनीपासून ३० सेंमीवर आला की फ्रेमची खालची कड ७० सेंमीवरच्या ढेकळांना भिडते. आता लांबच्या झाडावर फोकस धरला तर पुढची पऱ्हाटी धूसर, आणि पऱ्हाटीवर धरला तर मागचं गाव धूसर. मधलं अंतर शोधावं लागतं. १८ एमएमसाठी ते असं:

एफ/८ ला फोकस २ मीटरवर धरला, तर १ मीटरपासून क्षितिजापर्यंत.
एफ/११ ला दीड मीटरवर धरला, तर ७५ सेंमीपासून.
एफ/१३ ला सव्वा मीटरवर धरला, तर सुमारे ६३ सेंमीपासून.

आजच्या बहुतेक किट लेन्सवर अंतराचे आकडे छापलेले नसतात, त्यामुळे अंतर जमिनीवर मोजावं लागतं. मोठ्या माणसाचं एक पाऊल साधारण पाऊण मीटरचं, म्हणजे दीड मीटरला दोन पावलं. तिथे पांढरा रुमाल किंवा पुठ्ठा ठेवा. काळ्या मातीवर ऑटोफोकस अडखळतो, लेन्स नुसती पुढे-मागे फिरत राहते. पांढऱ्या कडेवर ती लगेच थांबते. मधला एकच फोकस पॉइंट निवडून रुमालावर फोकस धरा, मग लेन्सवरचं बटण एमएफवर (मॅन्युअल फोकसवर) सरकवा, रुमाल उचला आणि फ्रेम लावा. यानंतर झूम हलवू नका. बऱ्याच झूम लेन्समध्ये झूम फिरवला की फोकसही सरकतो, आणि छोट्या स्क्रीनवर ते कळतसुद्धा नाही.

आता या आकड्यांमधला एक खड्डा. ‘क्षितिजापर्यंत शार्प’ हे माप जुन्या सवलतीवर आधारलेलं आहे. त्यात क्षितिजाजवळचा एक ठिपका ०.०२ मिमीपर्यंत पसरलेला चालतो असं धरतात. २४ मेगापिक्सेलवर ते पाच पिक्सेल होतात. १२ × १८ च्या प्रिंटमध्ये हाताच्या अंतरावरून ते सहज खपतं, पण १०० टक्के मोठं केलं की टेकडी मऊ दिसते आणि दोष लेन्सवर जातो. मागची टेकडी किंवा मंदिराचं शिखर हाच विषय असेल तर एफ/८ ला फोकस २ ऐवजी ४ मीटरवर न्या. लांबचा पसारा निम्मा होतो आणि जवळची हद्द १ मीटरवरून १.३ मीटरवर सरकते. सौदा फायद्याचा आहे. फक्त उठून थोडं मागे बसा.

अपर्चर

सगळं शार्प हवं म्हणून थेट एफ/२२ लावणं ही नवशिक्यांची आवडती चूक. छिद्र फार लहान झालं की प्रकाश त्याच्या कडांवरून फाकतो. एफ/८ ला एका बिंदूचा ठिपका सुमारे ०.०११ मिमीचा पडतो, एफ/२२ ला तो ०.०३ मिमीच्या आसपास, म्हणजे सात-साडेसात पिक्सेल. मग सगळ्यात महाग लेन्स असली तरी अख्खा फोटो सारखाच मऊ येतो. दिवसा उजेडी एफ/८ ते एफ/११ मध्ये राहा, अगदी जवळचं बोंड फ्रेममध्ये घ्यायचं असेल तर एफ/१३. एफ/१६ च्या पुढे जायला फारसं कारण नसतं.

वारा आणि बोंड

अर्धवट उकललेलं कापसाचं बोंड अर्ध्या मीटरवर आहे. चार पाकळ्यांमधून सरकी-कापूस बाहेर डोकावतोय, वाळलेल्या पाकळीचं टोक काट्यासारखं, कापसाच्या धाग्यात अडकलेला मातीचा कण दिसतोय. हा तपशील १८ एमएम लेन्स अर्ध्या मीटरवरून सहज पकडते, कारण हीच गोष्ट फ्रेममध्ये सगळ्यात मोठी आहे. पण मंद वाऱ्याने बोंड सेकंदाला फक्त ५ सेंमी हललं, तरी १/६० सेकंदाच्या शटरला ते सेन्सरवर आठ पिक्सेल सरकतं. १/२५० ला दोन, १/५०० ला एक. म्हणून पीक जवळ घेताना आयएसओ (सेन्सरची प्रकाशाची संवेदनशीलता) १०० चा हट्ट सोडा. आयएसओ ४०० किंवा ८०० करून १/२५० च्या वर राहा. थोडे दाणे आलेला फोटो छापता येतो, हललेल्या बोंडाचं काहीच होत नाही. सूर्य उगवण्याआधीचा अर्धा तास बहुधा सगळ्यात निवांत असतो, पण उजेड कमी असल्याने दोन झुळकांमधली वेळ साधावी लागते. सात-आठ फोटो लागोपाठ काढा. त्यात एक तरी स्थिर निघतो.

हात आणि ट्रायपॉड

वाइड लेन्सला हात हललेला चालतो असं म्हणतात, ते अर्धवट खरं आहे. १८ एमएमला १/३० पुरेल असा जुना नियम आहे. २४ मेगापिक्सेलला १/१२५ धरा, आणि उतरायचंच असेल तर १/६० च्या खाली नको.

ट्रायपॉड घेतला तरी काळी माती दगा देते. पावसाळ्यात आणि ओलित केलेल्या वावरात त्याचे पाय हळूहळू रुततात. डोळ्याला ते दिसत नाही, पण दोन सेकंदांच्या एक्स्पोजरमध्ये फोटो एका दिशेने ओढल्यासारखा येतो. प्रत्येक पायाखाली फुटक्या कवेलूचा तुकडा किंवा चपटा दगड ठेवा, वरून हाताने दाबा, अर्धा मिनिट थांबा, मग दोन सेकंदांच्या टायमरने काढा. मधला दांडा वर काढू नका. लेन्समध्ये स्टॅबिलायझेशन असेल तर ट्रायपॉडवर ते बंद ठेवा. पांदणीच्या कडेला उभे असाल तर ट्रॅक्टर पूर्ण जाऊ द्या.

हवा

एप्रिल-मेच्या दुपारी लांबचं गाव फिकट, राखाडी दिसतं. धूळ आणि धुरकट हवा कॉन्ट्रास्ट खाऊन टाकते, आणि कॉन्ट्रास्ट गेला की डोळ्याला ते अनशार्प वाटतं. तापलेल्या जमिनीवरची लहरणारी हवा टेलिफोटोला जास्त छळते, वाइडमध्ये धुरकटपणाच जास्त दिसतो. उपाय वेळेचा आहे. उन्हाळ्यात सकाळी साडेसातच्या आत काम उरका. पाऊस पडून गेल्यावर दोन-तीन तास हवा धुतलेली असते. पाऊस संपल्यानंतरचा, पण धुकं सुरू होण्याआधीचा ऑक्टोबर हा विदर्भात लांबचं पाहायला चांगला काळ.

लेन्सच्या काचेवरची धूळही हेच करते, त्यातून सूर्य समोर असेल तर फोटोवर पांढरा पडदा येतो. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग मायक्रोफायबर कापडाने आतून बाहेर गोल पुसा. गळ्यातल्या दुपट्ट्याने कधीच पुसू नका. त्यात बसलेले मातीचे कण काचेच्या लेपावर रेघा ओढतात. स्वस्तातला यूव्ही फिल्टर लावलेला असेल तर एकदा काढून तोच फोटो पुन्हा घ्या. पुष्कळदा लेन्सचा म्हणून सांगितलेला दोष फिल्टरबरोबर निघून जातो.

आपली लेन्स एका सकाळीत तपासा

वरचं सगळं सांभाळूनही शंका उरली तर ही चाचणी करा. घरासमोरच्या विटांच्या भिंतीवर करू नका. जवळच्या भिंतीला कॅमेरा जरासा तिरका राहिला तरी एक कड मऊ दिसते आणि निदान चुकतं. लक्ष्य लांबचं हवं. गावोगावी असलेला मोबाइल टॉवर त्याला फार उपयोगी आहे. दोन-तीनशे मीटरवरून त्याच्या लोखंडी जाळीच्या कडक रेषा स्वच्छ दिसतात.

१. सकाळी, हवा स्वच्छ असताना, ट्रायपॉडवर १८ एमएम, आयएसओ १००, रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली फाइल) आणि जेपीईजी दोन्ही चालू.

२. टॉवर बरोबर मध्ये घ्या. लाइव्ह व्ह्यूमध्ये (मागच्या स्क्रीनवर) १० पट मोठं करून फोकस जुळवा, एमएफ करा. मग एफ/३.५, ५.६, ८, ११, १६ आणि २२ ला एकेक फोटो.

३. फोकसला हात न लावता कॅमेरा वळवून तोच टॉवर चारही कोपऱ्यांत एकेकदा आणा. प्रत्येक कोपऱ्यात एफ/३.५ आणि एफ/८.

४. सगळ्यात खराब आलेल्या कोपऱ्यात टॉवर ठेवून आता तिथेच नव्याने फोकस जुळवा आणि एफ/३.५ ला एक फोटो घ्या.

आता वाचन. चारही कोपरे एफ/३.५ ला सारखेच मऊ आणि एफ/८ ला बरे झाले, तर लेन्स निरोगी आहे. बहुतेक किट लेन्स अशाच वागतात. एकच कोपरा किंवा एकच बाजू मऊ आणि समोरची बाजू चांगली असेल, तर आतली काच तिरकी बसलेली आहे. लेन्स पडली असेल तर हे बरेचदा दिसतं. हा खरा दोष. वॉरंटीत असेल तर परत द्या, नसेल तर ती बाजू आकाशाकडे जाईल अशी फ्रेम लावत काम भागवा. आणि चारही कोपरे सारखेच मऊ असून चौथ्या पायरीत कोपरा एकदम सुधारला, तर लेन्सचं फोकसचं पटल वाकलेलं आहे. मध्ये शार्प असतं तेव्हा कडेला फोकस थोडा पुढे किंवा मागे पडतो. निसर्गचित्रात ते त्रासदायक नसतं. मध्य आणि कोपरा यांच्या मधोमध फोकस धरला की दोन्हीकडे चालून जातं.

जेपीईजी आणि रॉ शेजारी ठेवूनही पाहा. कॅमेरा जेपीईजीमध्ये लेन्सचा वाकडेपणा आपोआप सरळ करतो. त्यासाठी कोपरे ताणावे लागतात, आणि ताणलेला कोपरा थोडा मऊ होणारच.

शार्प लेन्स खरंच कुठे लागते

तीन ठिकाणी. पहिलं, रात्रीचं आकाश. चिखलदऱ्याकडच्या किंवा गडचिरोलीतल्या एखाद्या गावात घराच्या धाब्यावरून (सपाट छतावरून) एप्रिल-मेमध्ये अमावास्येच्या आसपास पहाटे तीनला आकाशगंगा सुरेख दिसते. तिथे अपर्चर पूर्ण उघडावं लागतं, आणि साध्या लेन्समध्ये कोपऱ्यातल्या ताऱ्यांना पंख फुटल्यासारखे आकार येतात. इथे एफ/२.८ ची चांगली वाइड लेन्स, उदाहरणार्थ टोकिना ११-१६, पैसे वसूल करते. १८ एमएमला शटर १० ते १२ सेकंदांपलीकडे नेऊ नका, तारे लांबट होतात. आणि जंगलाजवळच्या गावात रात्री गावाबाहेर पडू नका, धाब्यावरूनच काढा.

दुसरं, कोरीव छत. लोणारचं दैत्यसूदन किंवा वैनगंगेकाठचं मार्कंडा अशा मंदिरांत दगडी छताचं कोरीवकाम फ्रेमच्या मध्यापासून कोपऱ्यापर्यंत भरलेलं असतं. कोपऱ्यात आकाश नाही की माती नाही, दगडाची बारीक नक्षी आहे, त्यामुळे लेन्सची कड उघडी पडते. केंद्रीय पुरातत्त्व विभागाच्या संरक्षित वास्तूत ट्रायपॉडला वेगळी परवानगी लागते. म्हणून कॅमेरा बॅगेवर उताणा ठेवा, लेन्स वर, एफ/८, टायमर १० सेकंद, आणि तोवर स्वतः बाजूला व्हा. छत कॅमेऱ्याला अगदी समांतर आहे का ते फ्रेमच्या कडांशी तुळयांच्या रेषा जुळवून पाहा.

तिसरं, भिंतभर छपाई, जी लोक जवळ जाऊन बघणार आहेत. पण तिथेही नवी लेन्स घेण्याआधी जोडफोटो करून पाहा. लोणारचं सरोवर घ्या. विवर सुमारे १.८ किमी व्यासाचं, तळाचं पाणी साधारण १.२ किमी. काठावरून पाणी कडेपासून कडेपर्यंत बघायला सुमारे ८४ अंश लागतात. १८ एमएम आडव्या फ्रेममध्ये फक्त ६६ अंश देते, मावणारच नाही. मग त्याच किट लेन्सला ३५ एमएमवर न्या, कॅमेरा उभा धरा, डावीकडून उजवीकडे सहा फोटो घ्या. प्रत्येकात आधीच्याचा एक तृतीयांश भाग पुन्हा आला पाहिजे. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, नाहीतर जोडावर आकाशाचा रंग बदलतो. जवळची फांदी किंवा कठडा फ्रेममध्ये नको, जोडताना तो दुभंगतो. तयार झालेला फोटो रुंदीला १५ हजार पिक्सेलच्या वर जातो. इतका तपशील कुठलीही एक वाइड लेन्स त्याच कॅमेऱ्यावर एका फोटोत देऊ शकत नाही.

माणसं

बचत गटाचा किंवा शाळेचा ग्रुप फोटो १८ एमएमला काढला की कडेच्या बाईचा चेहरा रुंद आणि ओढलेला दिसतो. ते अनशार्प नसतं, ताणलेलं असतं. फ्रेमच्या कडेला गोल वस्तू उंचीच्या मानाने जवळपास पाचव्या हिश्श्याने रुंद होते. चार पावलं मागे जा आणि ३० ते ३५ एमएम वापरा. जागा नसेल तर दोन्ही कडांना रिकामी जागा सोडा आणि रांगा वाढवा.

मोबाइल

मोबाइलच्या ०.५ एक्स कॅमेऱ्याला स्वस्त मॉडेलमध्ये बहुधा ऑटोफोकसच नसतो आणि सेन्सर लहान असतो. भर उन्हात चालतो. सांजवेळी मुख्य १ एक्स कॅमेऱ्याने पॅनोरमा घ्या, तो जास्त स्वच्छ येतो.

जुनी लेन्स घेताना

वापरलेली वाइड लेन्स घ्यायची असेल तर टॉवरची चाचणी विकणाऱ्याच्या समोरच करा, चार कोपरे एफ/८ ला, पाच मिनिटांचं काम आहे. मग दोन्ही झाकणं काढा, अपर्चर उघडं ठेवा आणि एका बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका मारून दुसऱ्या बाजूने आत बघा. धुळीचे चार-दोन ठिपके असले तर फोटोवर काही फरक पडत नाही. कोळ्याच्या जाळ्यासारख्या किंवा झाडाच्या मुळांसारख्या बारीक फांद्या दिसल्या तर ती बुरशी. आपल्याकडे पावसाळ्यात कापडी बॅगेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती सहज धरते. अशी लेन्स घेऊ नका. घेतलेली चांगली लेन्स जून ते सप्टेंबर घट्ट झाकणाच्या प्लास्टिक डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि आठवड्यातून एकदा बाहेर काढून वापरा.